कोटात गुंडाळलेली नळी

१

उन्हाळ्याच्या ऐन भरातल्या एका सोमवारी, सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास, बियाणे-संग्रहालयाच्या तळमजल्यावरील शीतकोठडीचे दार बाहेरून उघडण्यात आले, आणि संग्रहालयाचे कोठावळे आत मृतावस्थेत आढळले. मृत्यू शनिवारी रात्री, थंडीने झाला, असा वैद्यकीय अभिप्राय पडला. पंचनाम्यातील ही दोन विधाने बिनचूक होती. तिसरे विधान, म्हणजे दार बाहेरून खिळी घालून मुद्दाम अडवले होते हे, केवळ अनुमान होते. आणि अनुमानाने वस्तुस्थितीच्या पंक्तीत पाट मांडून बसू नये, हा शिष्टाचार फौजदारांना कोणी शिकवलेला नव्हता.

कोठडीची रचना सांगणे येथे आवश्यक आहे. आत बर्फापेक्षाही पुष्कळ खाली उतरलेली थंडी. तीत फळ्यांवर हजारो पाकिटांतून बियाणे निजलेले. दिवसा दाराची कडी आकड्याने वर अडकवलेली असे, त्यामुळे दार आतून नुसते ढकलले तरी उघडे. संध्याकाळी शीतयंत्राचा चालक फेरीवर येऊन आकडा सोडी, आणि कडी आपोआप खाली पडे. त्यानंतर आत कोणी चुकून राहिलेच, तर त्याच्यासाठी दाराशेजारी एक हिरवी मूठ होती. ती दाबली की तिच्यामागच्या तांब्याच्या बारीक नळीतले तेल रेटले जाई आणि भिंतीपलीकडची कडी उचले. भिंतीतून लोखंडी दांडा नेला असता तर त्यावर दव गोठून तो अडकला असता. म्हणून ही तेलाची युक्ती.

सोमवारी दुपारी फौजदारांनी ती मूठ स्वतः दाबून पाहिली. कडी टकदिशी उचलली गेली. नळीला तेल पुरवणाऱ्या बाहेरच्या वाटीत तेल काठोकाठ होते. मूठ ठणठणीत, आणि माणूस मेलेला! तेव्हा कडी उचलू नये अशी तजवीज कोणीतरी केली होती, हे उघड झाले. तशी तजवीज एकच होती: कडीच्या वरच्या भोकात बसणारी पोलादी खिळी. एरवी ती लांबलचक सुट्यांतच वापरीत. ती चालकाच्या हत्यारांच्या पिशवीत सापडली.

हा चालक कोठावळ्यांच्या पत्नीचा सख्खा धाकटा भाऊ होता. तिच्याच घरात तो बायकोसह राहत होता. आणि शनिवारी दुपारी मेहुण्या-मेहुण्यांचे कडाक्याचे भांडण साऱ्या इमारतीने ऐकले होते.

कामाच्या जागी मृत्यू झाला म्हणून सुरक्षा खात्याच्या निरीक्षकांचा अहवाल लागणार होता. हे गृहस्थ पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. खात्यात त्यांना सगळे मास्तरच म्हणत.

“मास्तर, चार ओळी खरडून द्या, म्हणजे झालं,” फौजदार म्हणाले. “गुरुवारी त्याला कोर्टात उभा करतो. पिशवीत खिळी, तोंडात भांडण. आणखी काय पाहिजे?”

मास्तर दाराच्या चौकटीशी वाकून पाहत होते. “तुम्ही खिळी पाहिलीत?”

“पाहिली म्हणजे? जप्त केलीये.”

“मग आता भोक पाहा.”

फौजदारांनी पाहिले. चौकट नुकतीच रंगवलेली होती. खिळीच्या भोकाच्या तोंडावर रंगाचा पातळ पापुद्रा धरलेला होता, आणि तो अखंड होता. रंग दिल्यापासून त्या भोकात खिळी तर सोडाच, सुईदेखील गेली नव्हती.

२

“रंग कधी दिला?” मास्तरांनी चालकाला विचारले. यंत्रघरात तो शिपायाच्या पहाऱ्यात उकिडवा बसला होता. दोन रात्रींच्या जागरणाने डोळे सुजलेले.

“मागच्या धुलाईला, साहेब. महिन्यातनं एकदा यंत्र बंद करतो, दार सताड उघडं टाकतो, सगळा बर्फ वितळला की फरशी धुतो. त्याच दिवशी चौकट रंगवली. खिळी तेव्हाच काढली, ती राहिली पिशवीत. माझ्या पिशवीचं काय सांगू, ताई म्हणते, हरवलेला हत्ती शोधायचा तर आधी तिथं बघा.”

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. ताईचा विनोद सांगण्याचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, याची त्याला खात्री नसावी.

“भांडण कशावरून?”

“वेगळं बिऱ्हाड करतो म्हणालो. बायकोचे दिवस भरत आले, ती माहेरी गेलीये. मूल आल्यावर दोन खोल्यांत सगळ्यांनी राहायचं कसं? भाऊजींना लागलं ते. ही नोकरी त्यांनीच दिली होती मला. म्हणाले, ‘पंख फुटले का रे?’ मग मीही नको ते बोललो.”

“काय?”

“म्हणालो, आता मेलात तरी तुमच्याकडे बघणार नाही.” त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकले. “असं काय कोणी खरं म्हणून बोलतं का, साहेब?”

“संध्याकाळी आकडा तुम्हीच सोडलात?”

“मीच. रोजच्यासारखी फेरी केली, आणि तसाच सासुरवाडीला गेलो. ताई लेकीकडे गेली होती. घराला शनिवारपासून कुलूपच होतं. भाऊजी घरी गेले असतील असं मला वाटलं, आणि ते घरी असतील असं ताईला.”

‘रोजच्यासारखी’ हा शब्द उच्चारताना त्याची नजर जमिनीकडे गेली. मास्तरांनी तो शब्द मनात बाजूला काढून ठेवला.

बाहेर व्हरांड्यात कोठावळ्यांची पत्नी नवऱ्याच्या वस्तू घेण्यासाठी बसली होती. मास्तर जवळ येताच ती उठली.

“भाऊ आहे म्हणून त्याला सोडू नका,” ती म्हणाली. “आणि भांडला म्हणून अडकवूही नका. मला फक्त खरं काय ते सांगा. तो उद्या सुटून आला, तर त्याला ताट वाढायचं की दार लावून घ्यायचं, हे मला कळायला नको का?”

मास्तरांनी पुष्कळ अपघात पाहिले होते. इतका नेमका प्रश्न त्यांना क्वचितच कोणी विचारला होता.

३

“खिळी नव्हती, मान्य,” फौजदार खुर्चीत रेलले. “पण मग तो बाहेर का नाही आला? मूठ चालते, मी दाबलीये. की तिथं आत ध्यानाला बसला होता?”

“छायाचित्रं दाखवा.”

कोठावळे मुठीच्या खाली, भिंतीला टेकून बसलेले होते. अंगात नुसता सदरा. उजव्या तळव्यावर निळे-काळे वळ. आतील बाजूस मुठीपासून भिंतीपर्यंत जाणाऱ्या, हातभर लांबीच्या तांब्याच्या नळीभोवती त्यांचा लोकरी कोट होता.

“ते काही विशेष नाही,” फौजदार म्हणाले. “डॉक्टरच सांगत होते, गारठलेल्या माणसाला शेवटी भ्रम होतो. उकडतंय असं वाटून तो कपडे फेकतो.”

“फेकतो ना?” मास्तरांनी छायाचित्र त्यांच्यासमोर धरले. “हा कोट फेकलेला दिसतो का? तीन वेढे दिलेत. बाह्या ओढून घेऊन गाठ मारलीये. भ्रम झालेला माणूस गाठ मारत नाही, फौजदार. गाठ मारायला हेतू लागतो.”

“कसला हेतू? नळीला थंडी वाजत होती?”

फौजदारांनी हे थट्टेने म्हटले होते. मास्तर हसले नाहीत. त्या गाठीवर बोट ठेवून ते हलक्या आवाजात म्हणाले, “हो. नळीलाच.”

उठून ते कोठडीच्या दारापाशी गेले, तेलाच्या वाटीत बोट बुडवून त्यांनी ते नाकाशी नेले. वास नव्हता. वाटीच्या बाहेरच्या अंगाला मात्र रॉकेलसारख्या दर्पाचा जुनाट डाग होता.

“या नळीतलं तेल बदललं कोणी?”

४

तेल यंत्रप्रमुखांनी बदलले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. प्रत्येक पान्याला भिंतीवर त्याच्या आकाराचे चित्र काढून जागा नेमून देणारा हा माणूस. त्यांच्या कार्यशाळेत धूळदेखील परवानगी घेऊन बसत असावी.

“बदललं, आणि सुधारलं!” तात्या म्हणाले. “जुनं तेल उडून जायचं. सारखी भर घालावी लागे. वास तर असा, की कोठावळे माझ्यामागं हात धुऊन लागले होते. ‘तात्या, तुमच्या तेलानं माझं बी गुदमरतंय.’ म्हटलं, आणतो बिनवासाचं. मी काही अडाण्यासारखं कुठलंही नाही ओतलं हो. प्रयोगशाळेच्या बाईंना विचारलं. जुन्यातही सोळा कार्बन आणि चौतीस हायड्रोजन, नव्यातही सोळा आणि चौतीस. एका अणूचा फरक नाही. फक्त नवं उशिरा उकळतं. जुनं दोनशेचाळीस अंशांना, नवं जवळजवळ दोनशेसत्त्याऐंशीला. म्हणजे सरसच की!”

“आणि मूठ तपासलीत?”

“धुलाईच्या दिवशी, माझ्या हातांनी. लोण्यासारखी चालली.”

“धुलाईच्या दिवशीच का?”

“तेव्हाच तपासतात. दार उघडं असतं. एकानं आत मूठ दाबायची, दुसऱ्यानं बाहेर कडी बघायची. एरवी त्या गारठ्यात कोण मरायला...” तात्यांनी जीभ चावली.

प्रयोगशाळेच्या बाई तरुण, हुशार आणि तिखट होत्या. हव्या त्या बियांचे नमुने देण्यास कोठावळ्यांनी त्यांना दोनदा नकार दिला होता. त्यावर ‘एक दिवस तुम्हालाच तुमच्या बियांबरोबर गोठवून ठेवतील’ असे त्यांनी चारचौघांत सुनावले होते. फौजदारांच्या टिपणात त्यांचेही नाव त्यामुळे आले होते.

“मी बोलले ते,” बाई म्हणाल्या. “तेव्हा तेही हसले होते. म्हणाले, ‘मग शंभर वर्षांनी मला पेरा.’” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तात्यांनी मला विचारलं, या दोन्हींतलं कमी उडणारं कोणतं? मी म्हटलं, सरळ साखळीचं. हे उत्तर चूक नाही.”

“नाही. अगदी बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. “ते कुठं वापरायचंय, असं तुम्ही विचारलंत?”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आणि ते तात्यांनी सांगितलंही नाही.”

५

सोमवारी सकाळी पंचनाम्यासाठी बंद केलेले शीतयंत्र मास्तरांनी पुन्हा सुरू करवले. दार लावून कोठडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फौजदार, तात्या, बाई, चालक आणि कोठावळ्यांची पत्नी, सर्वांना दारापाशी बोलावले. दार उघडून आकडा सोडण्यात आला, आणि कडी खाली पडली.

“फौजदार, आत जा आणि तीच मूठ तशीच दाबा. दार उघडंच राहील, भिऊ नका.”

फौजदार आत गेले. त्यांनी एका हाताने मूठ दाबली, मग दोन्ही हातांनी, मग खांदा लावला. कडी तिळभर हलली नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळव्यावर लाल वळ उठले होते. त्यांनी तळवा स्वतःच निरखला, आणि हात खिशात घातला.

मास्तरांनी मेजावर बर्फाचे भांडे ठेवले होते. त्यात त्यांनी दोन परीक्षानळ्या उभ्या केल्या. एकीत तात्यांच्या जुन्या बाटलीतील तेल, दुसरीत नव्या. बोलता बोलता जुने तेल पाण्यासारखे वाहते राहिले. नवे आधी कडेने धुरकटले, मग पांढरे झाले, मग नळी उलटी केली तरी हलेना.

“हे अठरा अंशांनाच थिजतं,” मास्तर म्हणाले. “या दिवसांत कार्यशाळेत ते थिजलेलं दिसणं शक्यच नाही. कोठडीत मात्र ते मेणासारखं होतं. सोमवारी यंत्र बंद केलं, दार उघडं राहिलं, दुपारपर्यंत ते विरघळलं, आणि फौजदारांना मूठ ठणठणीत सापडली. धुलाईच्या दिवशी तात्यांनाही तशीच सापडली होती. जी मूठ थंडीतच लागायची, ती आपण दर महिन्याला उबेत तपासत होतो.”

“पण अणू तेच आहेत!” तात्या कळवळून म्हणाले. “तेच आणि तितकेच!”

“विटा तितक्याच असल्या म्हणून दोन घरं सारखी होत नाहीत, तात्या. नव्या तेलाचा रेणू म्हणजे सोळा कार्बनांची सरळ काठी. काठ्यांची मोळी कशी घट्ट बांधली जाते! काठी काठीला सर्व लांबीभर भिडते, एकमेकींना धरून ठेवते. म्हणून त्यांना सुटं करून वाफ करायला जास्त उष्णता लागते, आणि थोड्या गारव्यातच त्या रांगेनं निजतात. जुन्या तेलाचा रेणू म्हणजे काटेरी फांदी. आखूड कणा, सगळीकडून फाटे. फांद्यांची मोळी बांधून पाहा. त्या एकमेकींना लांबच ठेवतात. म्हणून लवकर उडतात, आणि कडक थंडीतही त्यांना रांग धरता येत नाही. ज्या फाट्यांमुळे वास यायचा आणि भर घालावी लागायची, त्याच फाट्यांमुळे दार उघडत होतं.”

“मग सरळ नियमच सांगा ना,” तात्या अजून लढत होते. “उशिरा उकळतं ते लवकर थिजतं. एवढं कोणी सांगितलं असतं, तर मी हात लावला असता का?”

“तसा नियम नाही, हीच तर अडचण आहे. आठ कार्बनांचा एक रेणू इतका फाटे फुटलेला असतो, की तो चेंडूसारखा गोल होतो. आपल्या सरळ भावंडापेक्षा तो आधी उकळतो. पण चेंडू रचायला सोपे, म्हणून ते भावंड पाण्यासारखं वाहत असतं तेव्हा हा खडा होऊन बसलेला असतो. उकळताना प्रश्न एवढाच, की रेणू एकमेकांना किती धरून आहेत. थिजताना प्रश्न वेगळा: ते एकमेकांशेजारी किती नीट बसतात. हे दोन प्रश्न आहेत. तुम्ही एकच विचारलात. बाईंनी त्या एकाचंच उत्तर दिलं. इथं कोणी खोटं बोललेलं नाही.”

तात्या मटकन स्टुलावर बसले. त्यांनी परीक्षानळी हातात घेतली आणि तळव्याच्या उबेने ते पांढरे तेल विरघळते का, ते पाहू लागले. कडेकडेने ते विरघळू लागले.

“आता कोटाचं कळलं,” फौजदार हळूच म्हणाले.

मास्तर कोठावळ्यांच्या पत्नीकडे वळले. “तात्यांनी तेल बदललंय, हे त्यांना ठाऊक होतं, मागणी त्यांचीच होती. मूठ दबली नाही, तेव्हा ते ओरडत, दार ठोठावत बसले नाहीत. त्यांनी विचार केला. तेल थिजलं असणार हे त्यांनी ओळखलं, आणि अंगावरचा कोट काढून नळीला दिला. त्यांचा तर्क बिनचूक होता. आतली हातभर नळी त्यांनी उबवलीही असती. भिंतीतल्या नळीपर्यंत मात्र कोणाचीच ऊब पोचण्यासारखी नव्हती.”

तिने परीक्षानळ्यांकडे पाहिले, मग दाराकडे. आणि मग भावाकडे.

६

फौजदारांनी कागद गोळा केले. “म्हणजे खून नाही. अपघात. त्याला सोडतो.”

“खून नाही,” मास्तर म्हणाले. “अहवालात मी तेलबदल लिहीन, उबेतली तपासणी लिहीन. पण एक जागा अजून रिकामी आहे, आणि ती रिकामी ठेवून मला सही करता येणार नाही.” ते चालकाकडे वळले. “आकडा सोडला तेव्हा कोठावळे आतच होते. दार जाड आहे, पण त्यावर मारलेली थाप आत ऐकू येते. मी काल पाहिलंय. संध्याकाळच्या फेरीची तुमची पद्धत काय?”

चालक भिंतीशी उकिडवा बसला.

“तुम्ही म्हणालात, रोजच्यासारखी फेरी केली. रोज काय करता?”

“दारावर दोनदा थाप मारतो,” तो म्हणाला. शब्द एकेक करून बाहेर येत होते. “आणि हाक देतो. ‘भाऊजी, निघालो!’ आत असले तर ते आतून थाप मारतात. मग ते बाहेर येईपर्यंत थांबतो. मग आकडा सोडतो.”

“आणि शनिवारी?”

“रागात होतो.” त्याने मान वर केली नाही. “म्हटलं, आज मी का हाक देऊ? आज त्यांनी द्यावी. आकडा सोडला आणि निघालो. कडी पडल्याचा आवाज झाला, तेव्हा वाटलं होतं, परत जाऊन एकदा... पण नाही गेलो.”

तात्यांच्या हातातले तेल आता पुरते वितळले होते. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हे कायद्याच्या कोणत्या कलमात बसते, असा विचार फौजदारांनी क्षणभर केला असावा. मग त्यांनी टोपणाने लेखणी बंद केली.

कोठावळ्यांची पत्नी पुढे झाली. नवऱ्याचा कोट फौजदारांनी मेजावर ठेवला होता. बाह्यांना गाठीचा पीळ अजून तसाच होता. तिने तो सोडवला नाही. कोट तसाच उराशी धरून ती दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

“ऊठ,” ती भावाला म्हणाली. “घरी चल. वेगळं बिऱ्हाड मूल झाल्यावर बघू. आज ताट वाढते.”

तो उठला. तिच्यामागे चालू लागला, पण दोन पावलांवर थबकला. पुढे जाण्याचा धीर त्याला होईना.

“ताई,” तो म्हणाला, “तू काहीतरी बोल. काहीही बोल.”

तिने मागे वळून पाहिले. आवाज चढवला नाही.

“तू त्यांचा जीव घेतला नाहीस,” ती म्हणाली. “पण हाक दिली नाहीस.”